जुळतंय ना?

आमच्या रंगाच्या कारखान्यात माणसं कमी करणार, ही बातमी कॅन्टीनमध्ये आली आणि सगळ्यांना एकदम आपापले छुपे गुण आठवले. पॅकिंगवाला म्हणाला, मी केस बरे कापतो. जेवणाच्या सुट्टीत त्याने स्टोअरकीपरचे कापलेही. त्यानंतर स्टोअरकीपर आठवडाभर टोपी घालून फिरत होता. मी हसले खरी, पण मनात हिशेब सुरू झाला होता. नवरा गुडघ्यांमुळे घरी बसलेला, कमावती मी एकटी, आणि मला येतं काय? शेड जुळवायला. नमुन्यासारखाच रंग डब्यात उतरलाय की नाही, हे मी खिडकीशी नेऊन बघते. आमच्या खोलीत "छान" असं कोणी म्हणत नाही. "लाल जरा वर गेलाय", "काळा थेंबभर कमी", एवढंच. आता तेच सांगणारं यंत्र आलं होतं. ते मेलं चहाही पीत नव्हतं.

ताईचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. तिचा फोन आला. "नोकरी जाईपर्यंत हातावर हात धरून बसणार आहेस का? रविवारी ये, काउंटरवर उभी राहा. जमलं तर जागा तुझी. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल, मी थांबू शकत नाही."

गेले. पहिलीच बाई सोफ्याची उशी घेऊन आली. तिला एक निळं कापड आवडलं. मी उशी उचलली, ताग्याचं टोक उचललं आणि तिला थेट फुटपाथवर नेलं. "बघा, तुमच्या निळ्यात हिरवट झाक आहे, यात नाही. शेजारी उशी मळकी दिसेल." ती आभार मानून निघून गेली. मग एक आजोबा आले, तेही तसेच गेले. नंतरच्या जोडप्याचं तर फुटपाथवरच जुंपलं, कारण नवऱ्याला दोन्ही रंग एकच दिसत होते.

ताईच्या डोक्यात राख. "अगं, लोक इथे परीक्षा द्यायला येतात का? घरून ठरवूनच येतात. तू फक्त हो म्हणायचं."

"पण जुळत नाही ना!"

"नसू दे. घर त्यांचं, डोळे त्यांचे."

मला संताप आला, मी तागा जोरात गुंडाळायला घेतला. ती उशीवाली कदाचित त्या पडद्यांमागे सुखात राहिली असती. तिला मी काय दिलं? रिकाम्या हाताने घरी पाठवलं.

दुपार कलताना एक मुलगी आली. पहिल्यांदाच स्वतःची खोली घेतली होती तिने, बोलताना हात एका जागी राहत नव्हते. पिशवीतून चादर काढून तिने पिस्ता रंगाच्या कापडावर ठेवली. कापडात पिवळा जास्त होता, मला लांबूनच दिसला.

"जुळतंय ना?"

बाहेर अजून उजेड होता. मी ताग्याला हात घातला, आणि काढून घेतला.

"छान दिसेल," मी म्हणाले.

तिने दोन्ही खिडक्यांचं कापड घेतलं, वर कड्याही घेतल्या. ती गेल्यावर ताईने माझ्या पाठीवर थाप मारली. "जमलं की गं तुला! मग, येतेस ना?"

"येते," म्हटलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, जीव भांड्यात पडला. आणि घरी जाताना बसमध्ये मला रडू आवरेना. त्या मुलीच्या खोलीत सकाळचं ऊन येत असेल, तर तिला उद्याच कळणार होतं.