चिखलातली पारख

गुलाबचंदने नव्या जीपच्या बॉनेटवर थाप मारली, वाकून तिचं पोट पाहिलं आणि मागे जाऊन आणखी एक थाप मारली. गोंदियाच्या शोरूममधून गाडी दाखवायला आलेला राजदीप हसू दाबत उभा होता.

"काका, चारही चाकं ओढतात हिची. बिनधास्त कुठंही घाला."

"कुठंबी म्हणते ना? मंग चाल, बांधीत."

राजदीपला वाटलं, काका गंमत करताहेत. गंमत कसली! दवनीवाड्यात बैल घ्यायचा तर आधी त्याला पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, जुंपायचं. चिखल तुडवला तर सौदा. मध्येच बसला तर आला तसा परत. गुलाबचंदने जन्मभर याच रीतीने बैल घेतले होते आणि एकदाही हात पोळला नव्हता. मग लोखंडाला वेगळा न्याय कशाला?

गाडी हवी होती ती बायकोसाठी, तुलसासाठी. गुडघे गेल्यापासून तिने नाल्यापलीकडचं आपलं वावर पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टरवर बसायला डॉक्टरांनी साफ मनाई केलेली, आणि मोटारसायकल नाल्यातल्या गोट्यांवरून घसरायची. रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, जिच्या हाताला गावात कुणाचा हात लागत नसे, ती बाई ऐन रोवण्याच्या दिवसांत ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि सुनेवर उगाच खेकसायची. गुलाबचंदला ते बघवत नव्हतं. यंदा काहीही झालं तरी तिला वावरात न्यायचंच, असं त्याने मनाशी धरलं होतं.

राजदीपने गाडी ओट्याला चिकटवून लावली. तुलसा ओट्यावरूनच पुढच्या सीटवर सरकली. लुगडं नवं होतं.

"काऊन वो, पाहुणपणाले चालली का?" गुलाबचंद मागे बसत म्हणाला.

"माह्या वावरात चालली. तुमाले काय करा लागते जी?"

नाल्याला गुडघाभर पाणी होतं. गाडी गुरगुरत त्यात शिरली, डुलली आणि पलीकडचा काठ चढून गेली. तुलसाने भीतीने डोळे मिटले होते. उघडले तर समोर बांध्याच बांध्या, आणि ओळीने वाकलेल्या बाया.

"अवो, तुलसाबाई आली वो!" त्यांच्यातली शामकला ओरडली. हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंडी तशीच टाकून ती धावली. दोघीतिघींनी मिळून तुलसाला अलगद खाली उतरवलं. "तुह्याबिगर मजाच नाई राहिली वो रोवण्याची," शामकला म्हणाली, आणि तुलसाला रडू आलं ते आलंच.

इकडे गुलाबचंदने स्टिअरिंग स्वतःच्या हातात घेतलं. राजदीप "काका, काका" करत राहिला आणि गाडी कडेचा मातीचा धुरा ओलांडून थेट रोवायच्या राहिलेल्या बांधीत. थोडी पुढे गेली. मग चाकं जागच्या जागी फिरू लागली, चिखल उडाला, आणि नवीकोरी गाडी बुडापर्यंत रुतून बसली. बायांनी तोंडाला पदर लावले. राजदीप रडायचा तेवढा बाकी होता.

गुलाबचंद खाली उतरला. चिखलात उभा राहून त्याने गाडीकडे पाहिलं. नाल्यातून ती आली तेव्हाच त्याच्या मनात भरली होती.

"नाई जमत गा," तो राजदीपला म्हणाला. "चिखलात बसलेलं जनावर मी घेत नाई."

हे म्हणताना त्याने तुलसाकडे बघायचं टाळलं. आता दुसरी गाडी शोधायची, पाहायची, म्हणजे हाही रोवणा हातचा गेला. पण रीत ती रीत.

शेजारच्या भैय्यालालचा ट्रॅक्टर येईपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात तुलसा पलीकडच्या धुऱ्यावर बसली, पाय बांधीत सोडले आणि हात पोहोचेल तेवढ्या चिखलात पऱ्हे लावू लागली. सरकत सरकत तिने कडेची अख्खी ओळ रोवली. नव्या लुगड्याची पार वाट लागली होती आणि चेहरा असा फुलला होता की शामकलाने तिला दोनदा चिडवलं.

गाडी चिखलातून निघाली. तुलसाने बांधीतल्या पाण्यात हात धुतले.

"घेऊन राहिले ना जी गाडी?"

"कशी घेऊ? बसली ना चिखलात."

"मंग? हिले नांगराले घेऊन राहिले का मले आणाले?"

शामकला खो खो हसत सुटली. भैय्यालालने ट्रॅक्टर उगाचच मागेपुढे केला.

तुलसा शामकलाच्या खांद्याचा आधार घेत गाडीपाशी आली. दार धरून तिने पाय उचलला. इथे ओटा नव्हता. पाय अर्ध्यावरच राहिला. गुलाबचंद चिखलात एका गुडघ्यावर बसला. त्याच्या मांडीवर पाय देऊन ती चढली.

तो तसाच बसून गाडीचा उंबरा हाताने चाचपत राहिला.

"इथं एक पायरी लावून देता का गा?" त्याने राजदीपला विचारलं. "जराशी खाली लावजो. रोजचं चढणं-उतरणं आहे."