सात आणि आठच्या मधला साकव

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी साकव आहे, आणि माझे डोके एका प्रभागात तर पाय दुसऱ्या प्रभागात आहेत. असे अर्धे अर्धे कुणाला जगता येत नाही, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. मला मात्र तसेच जगावे लागते आहे. साकव म्हणजे लहानसा पूल, माणसांपुरता. माझ्यावरून मोटार जात नाही. सायकल जाते, पण तीही हातात धरून.

माझ्याखाली पूर्वी ओढा होता. आता लोक त्याला नाला म्हणतात. पाणी तेच आहे, फक्त त्याची अब्रू गेली. काठ मात्र होते तसेच खोल आहेत आणि तळाचे दगडही तसेच टोकदार आहेत. हे दगड मी रोज वरून पाहतो, म्हणून मुद्दाम सांगून ठेवले.

मला घडवले ते बाटल्यांच्या कारखान्यातल्या एका वेल्डरने. कारखाना अलीकडच्या काठावर होता आणि कामगारांची बैठी घरे पलीकडच्या. कामगार रोज सकाळी चपला हातात घेऊन ओढ्यातून यायचे आणि ओल्या पायांनी कामाला लागायचे. वेल्डरने कारखान्यातले भंगारात निघालेले रूळ मागून घेतले. ते लांबीला कमी पडत होते, म्हणून त्याने मधोमध जोड दिला. त्या कामाला त्याच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. रुळाचे दुसरे टोक त्याची बायको धरून बसायची. काम संपले तेव्हा त्याने आपल्या चिमुकल्या लेकीला या टोकाला उभे केले आणि बायकोला त्या टोकाला. ती पोरगी कठड्याच्या गजांना धरत, धापा टाकत, हसत आईकडे पोचली. माझ्या अंगावर पडलेली पहिली पावले ती.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. कारखान्याचा भोंगा वाजला की माझ्यावर नुसती रीघ लागायची. नव्या सुना माझ्यावरूनच पलीकडच्या वस्तीत आल्या आणि म्हाताऱ्यांना खांद्यावरून न्यायची वेळ आली तेव्हा तेही माझ्यावरूनच गेले. "हा साकव नसता तर आपले हाल कुत्र्याने खाल्ले नसते," असे लोक म्हणायचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे, मी खोटे कशाला बोलू?

दरवर्षी ओढ्याचे पाणी वाढण्याआधी वेल्डर हातोडी घेऊन यायचा. मान तिरकी करून एकेका सांध्यावर हलकेच ठोकायचा आणि ऐकायचा. धड सांधा ठण्ण वाजतो. तडा गेलेला सांधा भद्द वाजतो. जिथे भद्द ऐकू येईल तिथे तो डोळ्यांवर काच ओढून तासभर ठिणग्या उडवायचा. मला गुदगुल्या व्हायच्या.

पुढे कारखाना बंद पडला. वेल्डरची बायको गेली. त्याचे केस पांढरे झाले आणि त्याला सगळे बाबा म्हणू लागले. त्याच्या त्या लेकीने कारखान्याच्या जुन्या उपाहारगृहात बालवाडी काढली आणि ती पोरांची बाई झाली. बापलेक बालवाडीच्या मागच्याच खोलीत राहतात. पोरे मात्र पलीकडच्या वस्तीतली. आया सकाळीच कामाला जातात, म्हणून बाई स्वतः पलीकडे जाऊन पोरांना घेऊन येतात. त्यांच्याकडे एक जाड दोरी आहे. तिला हातभर अंतरावर गाठी मारल्या आहेत. एकेका गाठीला एकेक पोर धरते आणि ती सगळी वरात गाणी म्हणत माझ्यावरून येते. माझ्या म्हातारपणीचे सुख म्हणाल तर ते एवढेच.

अलीकडच्या काठावर, कारखान्याच्या जागेवर, उंच इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या माणसांना माझी गरज नव्हती. त्यांच्या दारासमोरून मोठा रस्ता जातो. पलीकडच्या वस्तीला त्या रस्त्याने यायचे तर भरधाव गाड्यांच्या कडेने, पायवाट नसलेल्या वळणावरून यावे लागते. पोरांना तिकडून आणणे कुणाच्या बापाला जमणारे नाही.

मग एके दिवशी बातमी आली की, शहराच्या कडेचे सगळे तुकडे जोडून एक नवे उपनगर केले आहे. त्याला स्वतःची परिषद मिळणार होती, स्वतःचे नगरसेवक मिळणार होते. लोकांनी एकमेकांची तोंडे गोड केली. मीही हुरळून गेलो. जुनी नगरपालिका माझ्याकडे कानाडोळा करत होती. माझ्या पत्र्यांना गंज चढला होता. वाटले, आता आपल्यालाही कुणी वाली मिळेल.

पहिले आले ते मोजणीवाले. त्यांनी फीत लावली, आकडे ओरडले आणि माझ्या पोटावर, बरोबर जोडाच्या वर, लाल रंगाचा आडवा पट्टा ओढला. बाई तेव्हा पोरांना घेऊन येत होत्या. त्या थांबल्या.

"साहेब, हा पट्टा कशाला?"

"हद्द आहे, बाई. इकडे प्रभाग सात, तिकडे आठ."

"आणि साकव?"

"तो मध्ये आला. त्याला आम्ही काय करणार?"

"अहो, पण याची दुरुस्ती कोण करणार?"

"ज्याच्या हद्दीत असेल तो."

"म्हणजे अर्धी?"

साहेबाने डोके खाजवले. "निवडणूक होऊ द्या. मग नगरसेवकांना सांगा. दोघांनाही सांगा, म्हणजे झालं."

तो काही वाईट माणूस नव्हता. जाताना त्याने एका पोराच्या गालाला हातही लावला. पण माझे घोडे पेंड खाते आहे ते तिथेच. सातच्या कचेरीत गेले की आठकडे बोट, आठच्या कचेरीत गेले की सातकडे. अशातच पट्ट्याजवळचा पत्रा गंजून त्याला भोक पडले. भोकातून खालचे दगड दिसायचे. बाईंनी त्यावर फळी टाकली आणि फळी हलू नये म्हणून दगड ठेवला. त्या दिवशी पोरांना पलीकडे पोचवून परत येताना त्या माझ्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. बाबा त्यांची वाट बघत माझ्यावरच बसले होते.

"बाबा, मी निवडणुकीला उभी राहते," बाई म्हणाल्या. मग पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, कारण जन्मभर लोखंडावर घण घालून बाबांचे कान कामातून गेले होते.

बाबांनी इमारतींकडे हात केला. "तुला कोण मत देणार? त्या इमारतींतली माणसं तुला ओळखतात तरी का?"

"ओळख करून घेईन."

"आणि हरलीस म्हणजे? हसं होईल."

"होऊ दे. एखादं पोर खाली गेलं तर हसायला तरी कोण राहणार आहे?"

 बाबांनी ती फळी पायाने दाबून बघितली आणि दगड थोडा सरळ केला.

नव्या परिषदेचा नियम असा की, जिथे घर तिथूनच उभे राहायचे. बाईंचे घर सातमध्ये. म्हणून त्या सातमधून उभ्या राहिल्या. मित्रांनो, इथेच सगळे चुकले, आणि ते कुणाच्या लक्षात आले नाही असे नाही. बाईंच्या लक्षात आले होते.

पलीकडच्या आया पदर खोचून प्रचाराला लागल्या. त्यांची पुढारी होती इस्त्रीवाली मावशी. तिचा आवाज असा की कारखान्याच्या भोंग्याची आठवण यावी. रोज संध्याकाळी कामावरून आल्या की त्या माझ्यावरून घोषणा देत यायच्या, इमारतींच्या फाटकांपाशी जायच्या, तिथल्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालायच्या आणि आत न जाता परत यायच्या. फाटक कुणी उघडलेच नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

एकदा बाईंनी मावशीला माझ्यावरच थांबवले.

"मावशी, एक सांगू का? तुमचं मत आठमध्ये असेल. माझ्याकडे नाही."

"असू द्या हो बाई. मतदानाला आम्ही जन्मभर बालवाडीतल्या केंद्रातच शिक्का मारलाय. आता आम्हाला कोण नको म्हणणार?"

बाईंनी काही बोलायला तोंड उघडले. पलीकडून आया एकमेकींना हाका मारत, हसत येत होत्या. बाईंच्या बाजूने असलेली जगातली सगळी माणसे तेवढीच होती. बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला त्यांचा राग येत नाही. माझ्या गंजलेल्या जिवालाही तेव्हा त्या घोषणा खऱ्या वाटत होत्या.

सातमध्ये दुसरे उमेदवार होते इमारती बांधणारे ठेकेदार. तेही एकदा माझ्यावर आले. हात जोडून, लाल पट्ट्याच्या एक पाऊल अलीकडे उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला. "साकव नव्यासारखा करून देतो," असे म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे, कारण समोर फक्त फोटोवाला होता.

मतदानाच्या दिवशी वस्तीतल्या आयांनी कामावर खाडा केला. धुतलेली पातळे नेसून, केस चापून बसवून, तान्ह्यांना कडेवर घेऊन त्या माझ्यावरून बालवाडीकडे गेल्या. थोड्याच वेळात पहिल्या परत फिरल्या. बालवाडीच्या दारातल्या शिपायाने त्यांना सांगितले होते की, तुमची नावे इथे नाहीत, तुमचे केंद्र तुमच्या काठावर. मागून येणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा सगळ्या माझ्या मधोमध, पट्ट्यावर, एकमेकींना भिडल्या.

"आमची पोरं सातमध्ये शिकतात, मग आमचं मत आठमध्ये कसं?" मावशी ओरडली.

"तिकडे कुणाला द्यायचं? तिकडे बाईंचं नावच नाही," दुसरी म्हणाली.

"बाई कुठायत? बाईंना बोलवा."

बाई धावत आल्या. गर्दी आणखी वाढली. कारखान्याच्या भरभराटीतही इतकी माणसे माझ्यावर एका जागी कधी उभी राहिली नव्हती. सगळी चालती असायची. त्या दिवशी सगळ्या थांबल्या होत्या, कारण कुठल्या बाजूला जावे ते कुणालाच कळत नव्हते. मी दम धरला. आणि मग माझ्या पोटात, त्या मधल्या जोडात, टक् असा आवाज झाला.

तो कुणाला ऐकू आला नाही. मावशी रडत होती. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले होते आणि त्या म्हणत होत्या, "चुकलं माझं, मावशी. मी धड सांगायला हवं होतं." मग एकेक करून सगळ्या पांगल्या. कुणी आठमध्ये जाऊन भलत्याच कुणाला मत दिले, कुणी तशीच घरी गेली. दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच.

निकालाचा गुलाल इमारतींच्या बाजूला उधळला गेला. बाईंना मते पडली ती त्यांच्या बालवाडीच्या एका सतरंजीवर सहज मावली असती. ठेकेदार नगरसेवक झाले. आठमध्ये जे निवडून आले त्यांना मी अजून पाहिलेले नाही.

ठेकेदारांनी शब्द पाळला, त्यांच्या पद्धतीने. माणसे आली, माझ्या सातमधल्या अर्ध्या अंगाला निळा रंग फासून गेली. भोकावर नवा पत्रा बसवला, त्यालाही निळा रंग दिला. जोडातला तडा रंगाखाली बुजला. कठड्याला नगरसेवकांच्या नावाची पाटी लागली. पट्ट्यापलीकडे मी जसा होतो तसा गंजका राहिलो. येणारे जाणारे म्हणतात, "चला, अर्धा तरी नवा झाला." बाईसुद्धा पत्र्यावर पाय आपटून बघतात आणि म्हणतात, "एवढं तरी झालं."

काल बाबा आले. हातात तीच हातोडी होती. दोन वर्षांत ते हातोडी घेऊन आले नव्हते. कठड्याला धरत धरत मधोमध पोचले, कसेबसे गुडघ्यावर बसले, हात खाली घालून त्यांनी जोड चाचपला. मान तिरकी केली आणि ठोकले.

मित्रांनो, मी माझ्या सगळ्या लोखंडानिशी ओरडलो. भद्द. त्यांनी पुन्हा ठोकले. मी पुन्हा भद्द. इतका स्पष्ट मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो. बाबांनी डोळे मिटून ऐकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. त्यांनी माझ्या कठड्यावर थोपटले, लेकीच्या लहानपणी तिच्या पाठीवर थोपटायचे तसे.

"ठणठणीत आहे," काठावर उभ्या असलेल्या बाईंना त्यांनी ओरडून सांगितले. "माझ्या मागेही टिकेल."

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. बापाच्या कानांपेक्षा बापाच्या हातावर त्यांचा जास्त विश्वास आहे. कुणाचा नसेल?

अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला विनवतो की, आमची काळजी घ्या, आम्हाला टाकून देऊ नका. मी तसे म्हणणार नाही. मला टाकून द्या. मला उपटून भंगारात घाला, मी एका शब्दाने रडणार नाही. तुमच्या गावात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला रंग लावण्याआधी ठोकून बघा, आणि बघताना ज्याला ऐकू येते असा माणूस बरोबर न्या. आणि माझ्यावर यायचेच असेल तर एकेकटे या, दोरी न धरता या. मी हे सकाळपासून सांगतो आहे.

पलीकडून गाणे ऐकू येते आहे. बाईंनी दोरीचे टोक मनगटाला गुंडाळले आहे. पहिली गाठ माझ्यावर आली आहे.