विहीणबाईंच्या दारातला जादा

सगळा जन्म बसमध्ये गेलेल्या कंडक्टरबाईंना पायी फिरायला शिकवलं ते एका कुत्र्याने. त्या निवृत्त झाल्या तेव्हा डेपोतल्या कुत्रीला पिल्लं झाली होती. देखणी देखणी पिल्लं लोकांनी उचलून नेली आणि एक कान लोंबणारं, पिवळट रंगाचं एक मागे राहिलं. सगळ्या गाड्या सुटल्यावर डेपोत एखादी जादा गाडी उभी असावी तसं. बाईंनी ते पिशवीत घातलं आणि घरी आणलं. नाव अर्थातच जादा.

त्याला वळण लावायची वेळ आली तेव्हा बाईंना एकच भाषा येत होती. तिकिटांना भोक पाडायचा जुना पंच त्यांनी जपून ठेवला होता. त्याच्यावरच जादा शिकला. टक-टक, दोनदा वाजलं की उठायचं आणि वाजवणाऱ्याबरोबर चालू लागायचं. एकदा वाजलं की त्याच्या पायाशी बसायचं. बसच्या घंटेचा नियम, दुसरं काही नाही. 'ये', 'बस', 'ऊठ' हे शब्द बाईंनी त्याच्यावर कधी खर्च केले नाहीत. "इतकी वर्षं ड्रायव्हरशी तरी कुठे बोलत होते?" त्या म्हणायच्या.

इंजिनाशेजारी आयुष्य काढल्याने बाईंच्या कानांतून बारीक आवाज केव्हाच उतरून गेले होते. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, पण पाखरं, घड्याळाची टिकटिक, भांड्यावर चमचा वाजला तर तो, हे सगळं बंद. पंच वाजला हेही त्यांना कानाला नाही, तळहाताला कळायचं.

तर त्यांच्या इमारतीतले सगळे नळ बदलायचे निघाले आणि महिनाभर पाण्यावाचून कुठे राहणार, म्हणून लेक त्यांना आपल्या गावी घेऊन आली. समुद्राकाठचं शहर. बाईंनी समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवर. लेकीचं घर चढावर होतं आणि तिची सासू, म्हणजे विहीणबाई, खाली बंदरामागच्या गल्लीत राहायच्या. बोटींवर घालायची ताडपत्रीची आच्छादनं, दुकानांपुढची कापडी छतं, खलाशांचे मेणकापडी कोट, असलं जाडंभरडं शिवण त्या शिवत. मागे खोली, पुढे दुकान आणि दोन्हींच्या मध्ये त्या.

पहिल्याच संध्याकाळी विहीणबाई लेकीकडे आल्या होत्या. जमिनीवर पडद्याचं कापड कापायला पसरून बसल्या होत्या. आतून लेकीने हाक मारली, "आई, दूध उतू तर चाललं नाही ना?"

दोघीही उठल्या.

"अगं, तू नाही," लेक हसत बाहेर आली. "तू आत्ता आलीस, बस की. मी आईंना म्हटलं."

जावई भला माणूस. त्याने तोडगा काढला. "आपण असं करू, एक आई आणि एक तिकडची आई. घोटाळाच नको."

तिकडची कोण हे विचारायची गरज नव्हती. बाईंनी हसून मान डोलावली. हीच पोर लहानपणी शाळा सुटली की त्यांच्या बसमध्ये बसायची. पुढच्या सीटवर गुडघे टेकून प्रत्येक थांब्याचं नाव त्यांच्या आधी ओरडायची आणि शेवटच्या फेरीला त्यांच्या पैशांच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपायची. उतारू विचारायचे, "बाई, हिचं तिकीट?" त्या म्हणायच्या, "हिचा पास आहे, जन्माचा."

आणि त्यात जादाने काय करावं? परक्या माणसाला हुंगायलाही जागचा न हलणारा जादा कोपऱ्यातून उठला, पुन्हा कापडाशी बसलेल्या विहीणबाईंकडे सरळ गेला, घटकाभर उभा राहिला आणि मग त्यांच्या पायाशी बसला. जणू वाट चुकून इतकी वर्षं भलत्याच घरी राहिला होता.

"अगंबाई," विहीणबाई म्हणाल्या, "कुत्री मला कधी जवळ करत नाहीत हो."

"तोही करत नाही कोणाला," बाई म्हणाल्या. त्यांना ते बोलणं स्वतःलाच आंबट लागलं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी ठरवलं, हे शहर आपण आपलं पाहायचं. कोणी दाखवायला नको. रोज सकाळी जादाची साखळी धरून त्या निघत. शहर पाहायची त्यांची रीतही त्यांचीच होती. त्यांनी मार्ग पाडले. एक मार्ग दगडी पायऱ्या उतरून दीपगृहाकडे. एक मासळी बाजारातून जुन्या धक्क्याकडे. एक गोदामांच्या मागून, जिथे जाळी वाळत घालायचे त्या भिंतीच्या कडेकडेने. प्रत्येक मार्गाला थांबे आणि थांब्यांना नावं. गंजका नांगर. म्हाताऱ्यांचा बाक, कारण तिथे तीन म्हातारे एकमेकांशी न बोलता बसलेले असायचे. मांजरवाडी, जिथून जादाला घाईने न्यावं लागायचं. एक थांबा नुसता वाऱ्याचा होता. दोन गोदामांमधून समुद्राचा वारा असा यायचा की जादाचा लोंबता कानसुद्धा उभा राहायचा. गुडघा दुखला की बाई पंच एकदा दाबत. जादा पायाशी बसे आणि दोघं मिळून बोटी बघत.

इतकं सुख बाईंना बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. पण ते घरी आणून दाखवायला गेलं की त्याला भोक पडायचं.

"आज एक जागा सापडली," त्या जेवताना सांगत. "धक्क्याच्या टोकाला उलट्या ठेवलेल्या होड्या आहेत ना, त्यांच्यामागे सावलीत—"

"हो, तिथेच तर आईंनी मला पहिल्यांदा नेलं होतं," लेक म्हणे. "लग्नाच्याही आधी. मला मासे ओळखायला तिथे शिकवलं त्यांनी."

आपण शोधलेल्या गावात विहीणबाई आधीच राहून गेलेल्या.

ते एक वेळ परवडलं. जादाचं नाही परवडलं. दीपगृहाकडून या, बाजारातून या, बंदराजवळ बाई गुडघ्यासाठी थांबल्या की बसलेला जादा एकदम मान वर करायचा, कान टवकारायचा आणि साखळी ओढत गल्लीत शिरायचा. त्यांनी पंच दाबला तरी ओढायचा. थेट विहीणबाईंच्या दारात आणि मग आत, त्यांच्या पायाशी. मार्ग कुठलाही घ्या, शेवटचा थांबा तोच. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"या या, विहीणबाई. चहा टाकते."

"नको, आत्ताच झाला."

"मग टेका तरी. हा तर टेकलाच आहे."

बाई दारात उभ्या राहायच्या. समोर तो बसलेला, जीभ काढून, समाधानाने. खाल्ल्या मिठाला जागतं म्हणतात ते कुत्रं. यांचं मीठ गोड असेल. खायला घालत असणार, दुसरं काय? लेकीलाही असंच घातलं असेल.

निघायचा दिवस जवळ आला तशी लेकीने एका दुपारी हळूच विषय काढला.

"आई, रागावू नकोस. पण तुझा तो गुडघा, तुमचे ते दोन जिने. जादा इथेच राहिला तर? आईंना सोबत होईल. आणि तो स्वतःहून जातोच ना गं त्यांच्याकडे. तू ओढलंस तरी जातो. आपण विचारलं तर तो काय सांगेल तूच सांग."

बाईंना वाटलं, आता ही म्हणेल, माझंही तसंच झालं. ती तसं म्हणाली नाही. तेवढं तिचं चांगलं.

"विचार करते," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला घातल्या, जादाला घेतलं आणि या वेळी कुठलाही मार्ग न पाडता सरळ बंदरामागची गल्ली गाठली. काय ते तोंडावर विचारायचं होतं.

विहीणबाईंसमोर टेबलावर निळी ताडपत्री पसरली होती आणि तोंडात टाचण्या होत्या. जादा त्यांच्या पायाशी जाऊन बसलासुद्धा.

"खरं सांगा, विहीणबाई. काय घालता याला खायला?"

विहीणबाईंनी टाचण्या एकेक करून काढल्या. "पाणी ठेवते. तेही पीत नाही."

"मग येतो कशाला?"

"तेच तुम्हाला विचारणार होते मी. तुमचा कुत्रा, तुम्हाला माहीत." त्यांनी ताडपत्रीवरून हात फिरवला. "सांगू का, या दारात माणूस येतं ते माप द्यायला, नाहीतर उसवलेलं घेऊन. मुलगा येतो, पण आधी फोन करून. लेक गुणाची आहे तुमची, नाही म्हणत नाही, पण तिलाही कामच असतं काहीतरी. हे गेल्यापासून नुसतं येऊन बसणारं कोणी नव्हतं बघा. हा येतो. न बोलावता. मग मी हातातलं काम उगीच लांबवते. मुलांना सांगू नका, हसतील."

भांडायला आलेल्या माणसापुढे समोरच्याने चहा ठेवावा तसं बाईंना झालं.

"आता आलाच आहात तर हात लावा जरा," विहीणबाई म्हणाल्या. "मी हे टोक ताणून धरते, तुम्ही कापा. रेघ मारलेलीच आहे. थांबा, असं नाही. आधी कात्री दोनदा हवेत चालवा."

"ते कशाला?"

"आमच्या गुरूंची रीत. कापडाला सांगून कापावं म्हणायचे. कापून झालं की एकदा मिटायची, झालं म्हणून. मूर्खपणा आहे, पण हाताला सवय झाली. तसं केल्याशिवाय माझी कात्री चालतच नाही."

कात्री चांगली जड होती, लोखंडी, जुनी. बाईंनी ती उचलली आणि हवेत दोनदा मिटली.

कानाला काही कळलं नाही. पण तळहाताला कळलं. तोच झटका, तोच कडकपणा, हाडापर्यंत जाणारा. टक-टक. खाली विहीणबाईंच्या पायाशी बसलेला जादा उठला आणि टेबलाला वळसा घालून बाईंजवळ येऊन उभा राहिला. चला.

बाईंनी रेघेवरून ताडपत्री कापली. टोकाशी पोचल्यावर त्यांनी कात्री एकदा मिटली. जादा पायाशी बसला.

म्हणजे हे होतं. पडद्याचं कापड, गल्लीचं तोंड, सगळं. या बाई दिवसभर कात्रीने माझ्या कुत्र्याला 'ऊठ, चल, बस' म्हणत होत्या आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. गाडी माझीच होती, घंटा दुसऱ्याने वाजवली. बाईंना इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्यांनी कात्रीच निरखली.

"बघा, आता तुमच्याकडे आला," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते हसून म्हटलं, पण धरलेलं टोक सोडलं नाही. "तुम्हाला कळत असेल त्याचं. काय दिसलं असेल हो त्याला माझ्यात?"

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. नुसती कात्री, असं म्हटलं की काम संपलं असतं. लेकीला सांगायलाही तेवढंच पुरलं असतं. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या खरंच उत्तराची वाट पाहत होत्या, माप द्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारख्या, हात अंगापासून लांब धरून.

"माणसं ओळखतो तो," बाई म्हणाल्या.

त्यांनी कात्री टेबलावर ठेवली, हळूच, उघडी.

रात्री जेवताना त्यांनी लेकीला सांगितलं, "जादा माझ्याबरोबर येणार."

"पण आई, तो स्वतःहून—"

"येणार म्हटलं ना. माझा गुडघा त्याच्यामुळेच चालतो. आणि तुझ्या सासूला सोबत हवी असेल तर तू जात जा. काम न काढता. नुसतं जाऊन बसायचं. त्याला कुत्रंच लागतं असं नाही."

लेकीने मान खाली घातली आणि बराच वेळ घास चिवडत राहिली. जावयाने, भला माणूस, मीठ मागितलं.

निघायच्या दिवशी लेकीबरोबर विहीणबाईही बसस्टँडवर आल्या. जादासाठी उरलेल्या निळ्या ताडपत्रीचा टोपीवाला कोट शिवून आणला होता. एका कानाच्या जागी थोडी जास्त जागा सोडलेली, लोंबत्या कानासाठी. माप कधी घेतलं कोण जाणे. कंडक्टर तरुण होता. "कुत्र्याचं तिकीट पडेल, आजी," तो म्हणाला.

"अर्धं," बाई म्हणाल्या. "नियम मला शिकवू नकोस." तो हसला आणि पुढे गेला.

"पुढच्या खेपेला तुम्ही या आमच्याकडे," बाई विहीणबाईंना म्हणाल्या. "समुद्र नाही, पण फिरवीन तुम्हाला. प्रत्येक थांबा पाठ आहे माझा."

"बोलावलंत की येईन."

"न बोलावता या."

विहीणबाई बाकावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर. आणि तेव्हा जादा बाईंच्या शेजारून उठला, नव्या कोटासकट फलाटावरून चालत गेला आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून बसला.

बाईंनी विहीणबाईंच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. त्यांची पिशवी दूर लेकीच्या हातात होती. कात्री दुकानात, टेबलावर.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. बाईंनी खिशात हात घातला, पंच मुठीत धरला आणि दाबला. टक-टक.

जादाने त्यांच्याकडे पाहिलं. मग विहीणबाईंकडे पाहिलं. बाई पायरीवर एक पाय ठेवून उभ्या होत्या. पन्नास उतारू चढवताना त्यांनी कधी कोणाची इतकी वाट पाहिली नव्हती.

जादा उठला आणि आला. पण लगेच नाही.