पाळणा आणि फलक

कंपनीच्या पाळणाघरात विशाखा यायला लागली तेव्हापासून सुलेखाचा फोन कधी पालथा पडलेला कुणी पाहिला नव्हता. फोनवर पाळणाघराचा कॅमेरा, कॅमेऱ्यात अकरा महिन्यांची विशाखा. जेवताना, मीटिंगमध्ये, जिना चढताना एक डोळा तिकडं.

"मॅडम, पोरगी पळून नाय जाणार. तिला अजून चालता तरी येतं का?" शेजारच्या टेबलावरचा प्रणय चिडवायचा. त्याचं लग्नही व्हायचं होतं; त्याला काय कळणार!

खरी मेख तीच होती. चालता येत नव्हतं, पण आता कधीही येणार होतं. विशाखा कठडा धरून उभी राहायची, एक हात सोडायची आणि धपकन बसायची. पाचोडहून सासूबाईंचा, पारूबाईंचा, रोज फोन. पाऊल पडलं की वाटायला म्हणून त्यांनी तर शेंगदाण्याचे लाडूही वळायला घेतले होते. "पयलं पाऊल आईनं पाहावं गं. नाय तर जन्मभर ऐकशील, मी चालले तवा तू कुठं व्हतीस म्हणून."

झालं, सुलेखाच्या मनात ते पक्कं बसलं. पोरगी पहिल्यांदा पालथी पडली ती पाहिली नवऱ्यानं, सम्यकनं. पहिला दात दिसला सासूबाईंना. निदान हे पाऊल तरी आपलं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात तिच्या साहेबांनी, आयटी विभागाच्या शिवराज सरांनी, डीएनएस सर्व्हर बदलायचा मुहूर्त काढला.

वाळूजच्या त्या कारखान्यात गाड्यांचे दिवे बनायचे. तिथल्या प्रत्येक यंत्राला, प्रिंटरला, कॅमेऱ्याला आकड्यांचा एक पत्ता. पण आकडे कोण लक्षात ठेवतो? म्हणून प्रत्येकाला एक नाव, आणि कुठल्या नावाचा पत्ता कोणता हे सांगायला हा सर्व्हर. पाचोडच्या स्टँडवरच्या चहावाल्यासारखा. पुंजारामचं घर कुठं म्हणून विचारा, तो हातातली किटली खाली न ठेवता मानेनंच वाट दाखवतो. कंपनीतला हा चहावाला आता थकला होता, विचारलं की ततपप करायचा. त्याच्या जागी नवा बसवायचं काम सुलेखाचं.

"जेवणाच्या सुट्टीत उरका. तेव्हाच उत्पादनाची लाइन बंद असते," सर म्हणाले. "जमेल ना? की प्रणयला सांगू?"

"जमेल, सर." तो 'की' मात्र तिला मिरचीसारखा झोंबला.

सुट्टीचा भोंगा झाला. माणसं कॅन्टीनकडं पळाली आणि सुलेखा सर्व्हरच्या थंडगार खोलीत शिरली. बाकीची नावं तिनं आधीच भरून, तपासून ठेवली होती. शेवटची दोन राहिली होती. कॅन्टीनच्या मोठ्या टीव्हीवर उत्पादनाचे आकडे जिथून येत त्याचं नाव 'फलक', आणि पाळणाघराच्या कॅमेऱ्याचं 'पाळणा'. तिनं 'फलक' लिहिलं, आणि सवयीनं नजर फोनवर गेली.

विशाखानं दोन्ही हात सोडले होते.

सुलेखाची बोटं कळफलकावरच थांबली. पोरगी डुलली, परत डुलली आणि मऊ गादीवर बसली. "हुश्श!" म्हणत सुलेखानं फलकापुढं पत्ता टाकला, पाळण्यापुढं पत्ता टाकला आणि जुना सर्व्हर बंद केला.

"मॅडम, नव्या सर्व्हरशी प्रिंटर बोलतोय! गेट बोलतंय! हजेरीचं मशीन बी बोलतंय!" बाहेरून प्रणय ओरडला. "मी चाललो जेवायला, आज अंडाकरी आहे."

सुलेखा हसली. आता निवांत बघू म्हणून तिनं फोनवर पाळणाघर परत उघडलं. विशाखाच्या जागी लिहून आलं: 'लाइन तीन, हेडलाइट, ८१२ नग.'

तिनं फोन झटकला, जशी काही झटकल्यावर पोरगी त्यातून खाली पडणार होती. पुन्हा आठशे बारा नग. मग लख्ख कळलं, पत्त्यांची अदलाबदल झाली. दुरुस्तीला असा कितीसा वेळ लागणार होता! पण तेवढ्यात विशाखानं पाऊल टाकलं तर? पाळण्याच्या जागी फलक आलाय एवढंच तिच्या डोक्यात शिरलं. फलकाच्या जागी काय गेलं असेल, याचा विचार करायला ती खोलीत थांबलीच कुठं? ओढणी सावरत ती धावत सुटली.

पाळणाघराच्या दारात चपला उडाल्या. आतल्या आशाबाई कुणाच्या तरी पोराला वरणभात भरवत होत्या. "अगं बाई, मॅडम? जेवलात का?"

कठड्याला धरून उभ्या असलेल्या विशाखानं आईला पाहिलं होतं. तिनं एक हात सोडला, मग दुसरा. सुलेखा दारातच गुडघ्यांवर बसली. एक पाऊल पडलं. पोरगी थांबली, तिनं आपल्याच पायाकडं नवलानं बघितलं, आणि मग दुसरं, तिसरं, चौथं टाकत, कलंडत, खिदळत थेट आईच्या गळ्यात.

त्याच क्षणी भिंतीपलीकडून असा काही गलका उठला की खिडक्या थरथरल्या. शिट्ट्या, टाळ्या, ताटांवर चमचे.

"आपण जितलो जणू," आशाबाई म्हणाल्या.

"आज मॅच नाहीये, आशाबाई," सुलेखा म्हणाली, आणि भिंतीपलीकडं कॅन्टीन आहे हे आठवून तिला दरदरून घाम फुटला.

विशाखाला कडेवर घेऊन ती कॅन्टीनमध्ये गेली तर सगळे उभे. "आल्या, आल्या! हिरोइन आली!" मोठ्या टीव्हीवर आशाबाई कुणाचं तरी नाक पुसत होत्या. खाली शिवराज सर हातात ताट घेऊन.

"सुलेखा, आपले आकडे कुठंयत?"

"माझीच चूक, सर. दोन पत्ते उलटे पडले. आत्ता करते."

सर्व्हरच्या खोलीत जाऊन, पोरीला मांडीवर घेऊनच तिनं पत्ते सरळ केले. फोन बंद करून चालू केला तसं त्यावर पाळणाघर आलं. पण परत येऊन बघते तर टीव्हीवरही पाळणाघरच.

"अजून तेच?" सर म्हणाले.

"सर, टीव्हीनं आधीचं उत्तर लक्षात ठेवलंय. तासभर तो पुन्हा विचारणारच नाही. बंद करून चालू केला तर लगेच विसरेल."

"मग करा की! कडुबा, रिमोट."

कॅन्टीनवाल्या कडुबानं हात झटकले. "सापडंना साहेब. लई शोधला."

त्याच्या एप्रनच्या खिशातून रिमोटचं डोकं बाहेर डोकावत होतं. सुलेखाला ते दिसलं. तिला काय दिसत नाही! पण तेवढ्यात टीव्हीवर एक गुटगुटीत पोरगा कठड्याला धरून उठायला लागला, आणि पॅकिंगमधली राजनंदिनी खुर्चीवर चढून ओरडली, "माझा! तो माझाय!"

"ऊठ रे वाघा!" अख्खं कॅन्टीन गरजलं.

शिवराज सरांनी टीव्हीकडं पाहिलं, कडुबाच्या खिशाकडं पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. "सापडला की लावा. अन् मला थोडा रस्सा वाढा."

सुलेखानं एका हातानं पाचोडला फोन लावला. "आत्या, पाऊल टाकलं! मी पाहिलं, मी स्वतः पाहिलं!"

"बरं झालं गं माय!" पलीकडून पारूबाईंचा आवाज ओला झाला. "तू एकटीनंच पाहिलं ना?"

सुलेखानं सभोवार बघितलं. "नाही, आत्या. सगळ्या कंपनीनं पाहिलं."

"अगं बया! मंग माझा डबाभर लाडू कुनाकुनाला पुरायचा?"