झाडून काढलेली लाइन

नामदेवराव औसेकरांना दोनच गोष्टींचा गर्व होता. शहरातल्या गौलीगुडा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरी झाली, पण कुणी कधी डाग लावून घेतला नाही, ही एक. आणि दुसरी, मोदुगगुट्ट्याची लाइन. पहिल्या गर्वाचं श्रेय ते मोठ्या मनाने वाडवडिलांना देत. दुसऱ्यात मात्र कुणाला वाटेकरी करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

मोदुगगुट्टा म्हणजे तेलुगूत पळसाची टेकडी. शहराच्या पश्चिमेला, जिथे तेव्हा दिवसातून तीनच बस जात, तिथलं हे राखीव जंगल. जंगल म्हटल्यावर वाघ-हत्ती शोधू लागणाऱ्यांनी इकडे येऊ नये. पळस, धावडा, सीताफळं, आणि शिवरात्रीपासून पाऊस पडेपर्यंत कमरेइतकं वाळलेलं गवत. एक बिडी पुरेशी. म्हणून टेकडीच्या पायथ्याशी, गावाच्या बाजूने, चार किलोमीटर लांब नि तीस फूट रुंद पट्टा दर जानेवारीत कापायचा, वाळवायचा आणि शिवरात्रीच्या आत जाळून टाकायचा. बाहेरची आग तिथवर आली की तिला खायला काही मिळत नाही आणि ती मरते. महाराष्ट्रात याला जाळरेषा म्हणतात म्हणे. इथे सगळे लाइनच म्हणत.

नामदेवराव तिथे फॉरेस्टर होते. जानेवारी ते जून त्यांच्या हाताखाली नऊ रोजंदार माणसांची टोळी असे. त्यांत पहिला यादगिरी. पायथ्याच्या गावातला, काटकुळा, कमी बोलणारा. धुराचा रंग बघून गवत जळतंय की पाला, हे तो दोन मैलांवरून सांगे. त्याला लिहिता येत नव्हतं, पण वारा कधी फिरणार हे त्याला कळे, आणि ते नामदेवरावांनाही कळत नसे.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलात, जिकडे धनगर मेंढरं चारत त्या बाजूने आग आली, ती माणसाच्या उंचीची. टोळीतली दोन पोरं पळायच्या बेतात होती. नामदेवरावांनी सगळ्यांना लाइनवर मागे घेतलं, ओळीने उभं केलं, हिरव्या फांद्या हातात दिल्या आणि स्वतः काडेपेटी घेऊन पुढे झाले. लाइनच्या कडेचं गवत आपणच पेटवायचं, म्हणजे आपली आग त्या आगीला सामोरी जाते आणि दोघी एकमेकींना संपवतात. पण काडी जरा आधी पडली तर आपलीच आग आपल्यावर उलटते. टोळीचा कायदा असा की काडी फक्त म्होरक्याने ओढायची आणि लाइनवरून सर्वांत शेवटी त्यानेच निघायचं. नामदेवरावांच्या भुवया होरपळल्या तरी यादगिरी त्यांच्या मागे उभा राहून सांगत होता, "अभी नक्को साब, अभी नक्को." मग वारा आगीच्या दिशेने ओढू लागला तेव्हा तो म्हणाला, "अब." नामदेवरावांनी काडी ओढली. अर्ध्या तासात सगळं विझलं. नामदेवरावांनी माणसं मोजली, नऊ भरली, तेव्हा कुठे ते खाली बसले. त्या वर्षी खात्याने प्रशस्तिपत्र दिलं आणि त्यावर नाव एकट्या नामदेवरावांचं होतं. टोळीला त्यांनी स्वतः जिलबी आणली, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

मग शहराला पाय फुटले. इतकी वर्षं ज्या माळाकडे कुत्रं फिरकत नव्हतं, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या, आणि बाजरीची शेतं एकराऐवजी गजाच्या मापाने विकली जाऊ लागली. गावातल्या पोरांनी मोटरसायकली घेतल्या. टेकडी आणि तलाव यांच्यामधली ऐंशी एकर एका कंपनीने घेतली आणि तिथे प्लॉट पाडायचं ठरवलं. अशा प्रकल्पाला इथे वेंचर म्हणत. सगळं जमलं, अडलं फक्त रस्त्याशी. एका बाजूला तलाव, दोन बाजूंना दर्ग्याची जमीन, चौथ्या बाजूला जंगल. रस्ता नसेल तर मंजुरी नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नामदेवरावांना ठाऊक नव्हतं, कारण संध्याकाळी पाचची बस पकडून ते गौलीगुड्याला जात, आणि गावच्या पारावर बसणं फॉरेस्टरच्या इतमामाला शोभत नाही असं त्यांचं मत होतं.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत कागद आला. नवे मोठे साहेब आणि महसूल खात्याचा सर्वेअर, दोघे मिळून लाइनची पाहणी करणार. नामदेवरावांना आनंद झाला. सतरा वर्षांत कुणी वरिष्ठ ती लाइन पायी बघायला आला नव्हता. त्यांनी बायकोला, सुनंदाबाईंना, युनिफॉर्मला कडक इस्त्री करायला सांगितलं आणि टोळीला गोळा करून हुकूम सोडला की यंदा नुसतं कापायचं-जाळायचं नाही, राखसुद्धा खराट्याने झाडून काढायची.

यादगिरी टोळी पांगेपर्यंत थांबला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "साब, इस साल थोडी झाडी रहने देव. बीच में दो-चार काटे के झुडपां. लाइन को जरा मैली दिखने देव."

नामदेवरावांनी कारण विचारलं. तो म्हणाला, गावात लोक बोलतायत, मापणारे लोक दोनदा येऊन गेले, त्यांच्याबरोबर कंपनीचा माणूस होता. एवढं पुरे होतं. शहाण्याला शब्दाचा मार. पण नामदेवराव त्या दिवशी शहाणे नव्हते, नुसते अभिमानी होते. आगीच्या तोंडाशी जे याचं मुकाट ऐकत, ते जमिनीच्या गोष्टीत त्याचं काय ऐकणार? माझ्या लाइनवर झुडूप? साहेबांसमोर? आळसाला निमित्त शोधू नकोस, असं ते त्याला पांगलेल्या चारचौघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. यादगिरीने कोयता उचलला आणि कामाला लागला.

कापणं-जाळणं उरकल्यावर तीन दिवस नऊ माणसं चार किलोमीटर झाडत होती. मग नामदेवरावांना आणखी एक सुचलं. त्यांनी दोन्ही कडांना दगड मांडले आणि त्यांना चुना लावून घेतला. खर्च पदरचा. बुद्धी फिरली की माणूस चुनासुद्धा स्वतःच्या पैशाने स्वतःलाच लावून घेतो.

पाहणीच्या दिवशी दोन जीप आल्या. मोठे साहेब, सर्वेअर, एक कारकून, आणि पांढरे बूट घातलेला एक गृहस्थ, ज्याची ओळख कुणी करून दिली नाही. सर्वेअरने विचारलं, इथे शेवटचं झाड कधी होतं? नामदेवराव म्हणाले, एक्याऐंशीपासून मी आहे, तेव्हापासून एक रोपटंसुद्धा उगवू दिलेलं नाही. सर्वेअरने विचारलं, गाडी जाते का? आता खरं तर इथेच माणसाने खोकावं, पाणी मागावं, काहीतरी करावं. यादगिरी मागून येऊन त्यांची बाही ओढत होता. नामदेवरावांनी हात झटकला.

"जाते म्हणजे?" ते म्हणाले. "बारा महिने जाते, साहेब. चाळीसच्या स्पीडने जाते. बसा, दाखवतो."

आणि त्यांनी दाखवलं. जीप सरसर गेली, पोटातलं पाणी हललं नाही. पांढऱ्या बुटांच्या गृहस्थाने मान डोलावली. कारकुनाने लिहिलं, नामदेवरावांनी वाचलं. अक्षर न् अक्षर खरं होतं, म्हणून त्यांनी खाली झोकात सही केली. वर आपल्या सतरा डायऱ्याही देऊन टाकल्या. प्रत्येकीत दर फेब्रुवारीला त्यांच्याच हस्ताक्षरात नोंद होती की लाइन स्वच्छ, एकही झाड नाही. साहेब जाताना म्हणाले, फार सुंदर ठेवलीय. नामदेवराव घरी येईपर्यंत त्याच शब्दांवर तरंगत होते.

जूनमध्ये आदेश आला. मोदुगगुट्ट्याच्या पायथ्याची ती वाट ही जुनी बंडीबाट, म्हणजे बैलगाडीचा रस्ता होय; तिच्यावरून वाहनांची नित्य ये-जा आहे; सतरा वर्षांत तिथे वनवाढ नाही; सबब तिथे डांबरी रस्ता करण्यास हरकत नाही. सोबत नामदेवरावांचा जबाब आणि डायऱ्यांची यादी. नामदेवरावांनी कागद दोनदा वाचला आणि मग पाणी प्यायला उठले, ते स्वयंपाकघरात नुसतेच उभे राहिले. सुनंदाबाईंनी काय झालं विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. मी खोटं बोलायला हवं होतं का, असंही विचारलं.

"खोटं नक्को," बाई म्हणाल्या. "पण गप तर बसायचं."

नामदेवरावांनी हरकतीचे अर्ज केले. तीनदा मोठ्या ऑफिसात जाऊन बाकावर बसले. बंडीबाट कधी नव्हतीच, ती मी झाडलेली जागा आहे, तिथून रस्ता गेला तर माणसं जंगलाच्या कडेला येतील आणि पुढच्या उन्हाळ्यात टेकडी जळेल, हे त्यांनी तिन्ही वेळा तळमळून सांगितलं. तिन्ही वेळा त्यांना त्यांचीच सही दाखवण्यात आली. बैल गेला नि झोपा केला, अशी गत.

दिवाळीपर्यंत डांबर पडलं. मग खात्याने हिशेबी डोकं चालवलं. रस्ता हीच आता लाइन, तेव्हा वेगळी लाइन कापायला मंजुरी कशाला? आणि लाइन नाही तर नऊ माणसं कशाला? टोळीची दोन माणसं राहिली, तीही नवी. यादगिरीला वेंचरच्या फाटकावर वॉचमनची नोकरी मिळाली. निळा शर्ट, शिट्टी, आणि बारा महिने पगार, जो सरकारने त्याला सतरा वर्षांत कधी दिला नव्हता. नामदेवराव रस्त्याने गेले की तो उठून उभा राही, बोलत मात्र नसे.

नव्व्याण्णवच्या मार्चात, उगादीनंतरच्या, म्हणजे पाडव्यानंतरच्या रविवारी, प्लॉट बघायला आलेल्या कुणीतरी जेवणाच्या पत्रावळी टेकडीच्या बाजूला टाकून पेटवून दिल्या. स्वच्छता म्हणून. दुपारचे दोन वाजले होते. आग सतरा वर्षं लाइनच्या बाहेरून येत होती, ती त्या दिवशी आतून लागली, आणि वाऱ्यासरशी वर चढू लागली.

नामदेवराव पोचले तेव्हा ती पायथा सोडून शंभर हात वर गेली होती. उपाय त्यांना लख्ख दिसत होता. बाजूने चढून आगीच्या डोक्यावरची टेकडीची सोंड गाठायची, तिथे पट्टा कापायचा, वरून सामोरी आग सोडायची. त्यासाठी नऊ माणसं हवीत, नाहीतर निदान वारा ओळखणारा एक तरी. रस्त्यापलीकडे यादगिरी नळी धरून कंपनीच्या ऑफिसचं छप्पर भिजवत होता. नामदेवरावांनी रस्ता ओलांडला आणि त्याला सरळ विनवलं. फांदी नको धरू, फक्त माझ्यामागे उभा राहा आणि कधी ते सांग.

यादगिरीने छपरावरची नजर काढली नाही. "मेरेको इधर रहना बोले, साब," तो म्हणाला. "एक ठिणगी गिरी तो नोकरी गई."

नामदेवराव दोन नव्या माणसांना घेऊन चढले. सोंडेवर पोचून पट्टा कापू लागले, तेवढ्यात आगीचा आवाज जवळ आला. एक जण मटकन खाली बसला आणि उठेना. नामदेवरावांच्या हातात काडेपेटी होती. वारा आता ओढतोय की अजून ढकलतोय, ते त्यांना कळेना. चुकलं असतं तर तिघेही तिथेच संपले असते. त्यांनी काडेपेटी खिशात टाकली, बसलेल्याला बगलेत धरलं आणि दोघांना पलीकडच्या उतारावरून खाली आणलं. दोन माणसं मोजली. म्होरक्याने करायला हवं तेच त्यांनी केलं, आणि तरीही तिथे दगडावर बसून ते लहान पोरासारखे रडले. टेकडी अंधार पडेपर्यंत जळत होती. रस्ता ओलांडून एक ठिणगीही प्लॉटांत गेली नाही.

पंधरा दिवसांनी प्लॉटधारकांनी त्यांचा सत्कार ठेवला. सेक्रेटरी मंदार नावाचा पुण्याचा तरुण होता, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, तारनाक्याला भाड्याने राहणारा. फॉरेस्टर मराठी आहेत हे कळल्यावर त्याला कोण आनंद झाला होता. नामदेवराव जाणार नव्हते, पण मोठ्या साहेबांनी जा म्हणून सांगितलं. मंदारने शाल-श्रीफळ दिलं आणि छोटंसं भाषण केलं. औसेकरकाकांमुळे आपली इन्व्हेस्टमेंट सेफ राहिली, असं तो म्हणाला. मग दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला.

नामदेवराव बोलले. मी तुमचं काही वाचवलं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वाचवायचं होतं ते जळालं. ज्या रस्त्याने तुम्ही आलात, तो माझ्या मूर्खपणामुळे झाला, आणि त्या रस्त्याने आग आली. कुणीतरी केवढा हा विनय असं म्हणालं आणि टाळ्या पडल्या. चहा घेताना मंदारने विचारलं की आता टेकडीवर झाडं राहिलीच नाहीत, तर तिथे आपल्या फेज टूला अडचण येऊ नये ना. नामदेवरावांनी कप तसाच खाली ठेवला.

फाटकाशी यादगिरी उभा होता. त्याने सलाम केला. नामदेवरावांना त्याला खूप काही सांगायचं होतं. तू सांगितलं ते ऐकायला हवं होतं, चारचौघांत तुला बोललो ते चुकलं, प्रशस्तिपत्रावर तुझं नाव हवं होतं. त्याऐवजी त्यांनी अंगावरची शाल काढली आणि त्याच्या खांद्यावर घालू लागले.

यादगिरीने ती मधेच धरली. तिची व्यवस्थित घडी घातली आणि नामदेवरावांच्या हातात परत दिली.

"नक्को साब," तो म्हणाला. "आगां तो सब मिलके बुझाए. रस्ता तुम अकेले दिए."

मग बाहेर एक मोटार हॉर्न वाजवू लागली, म्हणून तो फाटक उघडायला गेला.