ठमीचा काळा ठिपका

दादाचा फोन आला की ठमीच्या कपाळावर आधी आठी पडायची, मग ती फोन उचलायची. अवकाशाला बसलेला बारीकसा हादरासुद्धा टिपणाऱ्या यंत्रावर दादा कामाला, आणि ही त्याची धाकटी बहीण दुर्बिणीवर. कुठे दूर दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की त्याच्या यंत्राला ते कळायचं. त्या टकरीचा उजेड शोधायचं काम हिचं. आजवर दोनदा त्यानं हाक दिली आणि दोन्ही वेळा ही हात हलवत परतली.

आज भरदुपारी तो ओरडलाच, “ठमे, ऊठ! न्यूट्रॉन तारे! दोन्हीही! म्हणजे उजेड पडलाच असणार!”

“कुठे?”

“मावळतीकडे. सूर्यामागोमाग बुडतायत. तुझ्या हातात तासभर, फार तर. उद्या ते आणखी खाली, आणि उजेडही विझत चाललेला. आज दिसलं तर दिसलं.”

“नाही दिसलं तर मला आंधळी म्हण.”

“ते मी आत्ताच म्हणतो!”

सूर्य बुडाला आणि घुमटाची झडप करकरत उघडली. दादानं सांगितलेल्या आकाशाच्या पट्ट्यात दीर्घिका ढिगानं, आणि टक्कर त्यांतल्या कुठल्याशा एकीत. मोठीपासून सुरुवात करायची, ही नेहमीची शिस्त. ठमीनं ती खुंटीला टांगली आणि आधी बुडणाऱ्या धरल्या. एकेकीचा फोटो घ्यायचा, संगणकानं त्यातून जुना फोटो वजा करायचा, म्हणजे जे नवं असेल तेवढंच पांढरा ठिपका होऊन उरतं. पहिली कोरी. दुसरी कोरी. तिसरीत एक काळा ठिपका होता. असेल जुन्या फोटोतला डाग, म्हणून तिनं पुढची धरली. तीही कोरी.

मग एका फोटोत तिच्या ओळखीचा लघुग्रह भटकत आला. जुन्या फोटोत तो नव्हता, म्हणजे आता पांढरा दिसायला हवा. दिसला काळाकुट्ट.

“अगं बाई!” ठमी एकटीच किंचाळली. घाईघाईत तिनं वजाबाकीच उलटी लावली होती, जुन्यातून नवा! म्हणजे मघाशी दारात आलेल्या पाहुण्याला तिनं डाग म्हणून हाकलून दिलं होतं.

स्वतःला शिव्या घालत आणि हसत तिनं दुर्बीण मागे फिरवली. दुर्बीण आपल्याच चालीनं वळते. ठमी तिला “चल गं माझे आई” म्हणत राहिली. तिसरी दीर्घिका टेकडीला टेकायला आली होती. फोटो आला, वजाबाकी सरळ लागली. दीर्घिकेच्या कडेला एक पांढरा ठिपका, स्वच्छ! ठमी खोलीभर नाचली, खुर्ची भिंतीवर जाऊन आदळली.

“दादा, सापडला! बघ, पाठवलाय.”

पलीकडे दादानं फोटो उघडला. मग, “एवढासा?” आणि मग हळूच, “ठमे, इतकी वर्षं मी लोकांना यंत्रानं काढलेली वाकडी रेघ दाखवून सांगतोय, इथे तारे आदळले. लोक माना डोलावतात. घरी गेल्यावर माझं मलाच वाटायचं, खरंच आदळले असतील का गं?”

“आदळले रे, दादा. बघ ना, दिसतायत.”

तिचे डोळे भरून आले होते. फोन चालूच ठेवून ती एकामागून एक फोटो पाठवत राहिली. ठिपका टेकडीआड जाईपर्यंत दोघांपैकी कुणीही कुणाला चिडवलं नाही, आणि असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.