वांगी आणि बंदर

धुळ्याच्या कॉलेजात प्रेमराज सर नोकरीला लागल्यापासून सुरतेचं बंदर शिकवत आले होते. खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून तिथे कसा पोचायचा, पुढे जहाजांत कसा चढायचा, हे ते इतकं रंगवत की मागच्या बाकावरची मुलंही अधूनमधून जागी होत. फक्त ते बंदर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सुरतेला जाणं नेहमीचंच. पण सुरतेत निम्मं खानदेश राहतं आणि त्यातलं निम्मं सरांची बायको कोकिळा हिच्या माहेरचं. कधी साखरपुडा, कधी बारसं, कधी दहावं. पाहुण्यांच्या उधना भागातल्या गल्लीतून बाहेर पडणं काही झालं नाही.

येत्या एप्रिलात निवृत्ती होती. त्याआधी एकदा ते डोळ्यांनी पाहावं म्हणून सरांनी रविवारच्या हेरिटेज वॉकला नाव दिलं. जुन्या सुरतेतून पायी फिरायचं. किल्ला, सराई, वखारीची जागा आणि सर्वांत शेवटी तापीकाठचा जुना धक्का, म्हणजे सरांचं बंदर. पाहुण्यांना कळवायचं नाही, असं त्यांनी कोकिळाकडून वदवून घेतलं. सुरतेला जाऊन घरी न जाणं हा खानदेशात खुनाच्या खालोखालचा गुन्हा. खून निदान माणसं विसरतात.

कोकिळाने शब्द पाळला. निघताना फक्त भरिताच्या वांग्यांची पिशवी हातात दिली. चुलतभावाला, भटूला द्यायची, तीही वॉक झाल्यावर, जाता जाता. आता वांगी येणार म्हटल्यावर ती भाजायला त्याने काड्या आणून ठेवायला नकोत का, म्हणून तेवढं, आणि वॉक किल्ल्यापासून निघतो एवढं, तिने त्याला फोनवर सांगितलं होतं. बाकी कुणाला काही नाही.

रविवारी सकाळी किल्ल्यापाशी छत्री उंच धरून गाईड मुलगी बोलायला लागली. सर पिशवी सांभाळत पहिल्या रांगेत. किल्ल्याचा पाया घालून होतो न होतो तोच मागे स्कूटर थांबली.

"दाजी, सुरतले उनात आनि पायी काबर हिंडतस?"

पायी फिरणं हाच कार्यक्रम आहे, हे सरांनी समजावून सांगितलं. भटूने ते शांतपणे ऐकलं आणि दाजींकडे रिक्षाचे पैसे नसावेत असा निष्कर्ष काढला.

"बसा. बठ्ठं दखाडस."

सगळी सुरत दाखवायला भटू तयार होता, आणि सगळा जथा थांबून पाहू लागला. नाही म्हणावं तर बायकोच्या माहेराशी वैर. सर बसले. सराई त्यांनी चालत्या स्कूटरवरून पाहिली, वखारीची जागा सिग्नलला पाहिली. धक्का मात्र लागला नाही, कारण भटूचं घर उधन्यात आणि उधना उलट्या दिशेला आहे.

घरी भटूच्या बायकोने, सुनंदाबाईने, पोहे केले होते. शेजारची भडगावची मंडळी भेटायला आली. कुणाची मुलगी लग्नाची झाली, कुणाचा मुलगा बिघडला, याचा रीतसर आढावा झाला. गच्चीवर वांगी भाजली जात होती, तीही कपाशीच्या काड्यांवर. खानदेशचा कापूस सुरतेत एवढा तरी पोचला होता. सर उठले की कुणीतरी त्यांना हाताला धरून बसवी. शेवटी पहिल्याच घासाला ते ताटावरून उठले.

"भटू, मला धक्का पाहायचाय. आत्ता."

मीठ कमी झालं का, असं सुनंदाबाईने हळूच विचारलं. भटूने चावी घेतली.

धक्क्यावर वॉक संपला होता. गाईड छत्री मिटत होती. सर हरवले की काय म्हणून आम्ही वाट पाहिली, म्हणाली. सगळं सांगून झालं होतं. लोक फोटोसाठी नदीकडे पाठ करून उभे होते. ज्याने आधी फोटो काढायला घेतला होता, त्याला स्वतःलाही फोटोत यायचं होतं, म्हणून मोबाईल सरांच्या हातात आला. सगळे मावावेत म्हणून सर मागे सरकत गेले, भिंतीला टेकेपर्यंत. डोक्यांच्या फटीतून पाण्याची एक पट्टी दिसली. त्यांनी फोटो काढला.

मंडळी पांगली तेव्हा भटूने कठड्यावरून खाली पाहिलं.

"दाजी, हाई तं आपलीच तापी शे. भुसावळले दखी नही का?"

सर कठड्याकडे निघाले. इतक्यात फोन वाजला. कोकिळा विचारत होती, पोचली ना?

"वांगी पोचली," सर म्हणाले, आणि स्कूटरवर मागे बसले.